काट्यानं काटा मारला नव्हता

गावची लक्ष्मी यात्रा आटोपली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

"भावजी, तो काटा तुम्हीच आणून दिलासा न्हवं? बिघडलाय बघा. दुकानात परत देऊन या."

काटा म्हणजे मी गेल्या दिवाळीत बेळगावात गणपत गल्लीतून घेऊन दिलेला. काचेचा, वर उभं राहिलं की निळे आकडे दाखवणारा. बिघाड काय, तर यात्रेआधी ६९.४ दाखवणारा काटा आता ७१.६ दाखवत होता.

"तीन आठवडे भात सोडलो मी. खानापूरकडच्या माणसानं भात सोडायचा म्हणजे काय असतंय तुम्हाला ठाऊक आहे की. अडीच किलो उतरलं होतं. आणि दोन दिवसांत परत? काटा मारालाय हा."

(आमच्याकडे बायकाही 'सोडलो', 'आलो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना त्याची गंमत वाटते, आम्हाला त्यांच्या गंमत वाटण्याची.)

'काटा मारणे' हा शब्द उसाच्या पट्ट्यात कुणी सहज वापरत नाही. कारखान्यावर ट्रॉली चढते, वजन होतं, आणि आपल्या फडातला ऊस पावतीवर कमी भरला की संशयाचं पहिलं बोट काट्याकडे जातं. म्हणून बरेच जण वाटेत दुसऱ्या काट्यावर ट्रॉली चढवून एक पावती खिशात ठेवतात. वहिनींनीही तेच केलं होतं. शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या जुन्या काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तोही एकाहत्तरच्या पुढे गेला, तरी राग आमच्यावरच.

काट्यानं काटा मारला नव्हता. वाढलेले दोन किलो दोनशे ग्रॅम खरेच होते. फक्त ते चरबीचे नव्हते.

आधी ते चरबीचे का असू शकत नाहीत ते बघू. अंगात एक किलो चरबी चढायची तर साधारण ७,७०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त पोटात जाव्या लागतात. म्हणजे २.२ किलोला जवळजवळ १७,००० कॅलरी. साठ ग्रॅम पिठाची जोंधळ्याची भाकरी धरली तर तिच्या दोनशे दहा होतात. भागाकार करा: रोजचं सगळं जेवण जेवून, वर ऐंशी भाकऱ्या. दोन दिवसांत. यात्रेत पाहुण्यांना वाढून वाढून हात दुखलेली बाई उरल्यासुरल्या वेळात ऐंशी भाकऱ्या कधी खाणार? मटणाचा रस्सा, भात, गोडाचं, पुन्हा रात्री भात, असं सगळं धरून समजा दीड हजार कॅलरी जास्त झाल्या. त्याची चरबी होते दोनशे ग्रॅम. मग उरलेले दोन किलो कुठून आले?

यातला सगळ्यात मोठा वाटा भाताचा, आणि तोही थेट भाताचा नाही. भात, भाकरी, साबुदाणा, साखर या सगळ्यातलं पिष्ट पचून साखर होतं, आणि त्यातली लगेच न लागणारी साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून बाजूला ठेवतं. काही यकृतात, शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि बाकी स्नायूंत, चारशे ग्रॅमच्या पुढेमागे. घरात जसं पुढच्या डब्यात आठवड्याचे तांदूळ आणि मागे कणगीत वर्षाचे, तसा हा पुढचा डबा. चरबी ही कणगी. आता गंमत अशी की ग्लायकोजेन कोरडं साठवता येत नाही. एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलं जातं. भात सोडला, जेवण निम्म्यावर आणलं की आधी हा पुढचा डबा रिकामा होऊ लागतो आणि त्याच्या तिप्पट पाणी लघवीवाटे निघून जातं. यात्रेत दोन दिवस पोटभर भात जेवला की डबा पुन्हा भरतो. अडीचशे ग्रॅम ग्लायकोजेन आणि साडेसातशे ग्रॅम पाणी. झाला एक किलो.

दुसरा वाटा मिठाचा. सलाईनची पाचशे मिलीची बाटली सगळ्यांनी पाहिली आहे. त्यात साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाच्या चमच्याला थोडं कमी. हे प्रमाण असंच कुणी ठरवलेलं नाही, रक्ताच्या खारटपणाशी ते जुळतं. शरीर हा खारटपणा जिवापाड सांभाळतं. जास्तीचं मीठ आलं की तहान लागते, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात, आणि जोवर ते मीठ बाहेर टाकून होत नाही तोवर त्याच्या वाट्याचं पाणी अंगातच राहतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. यात्रेचा रस्सा, लोणचं, पापड, वर कुणीतरी आणलेला चिवडा या हिशेबात कुठे बसतो ते सांगायला नको. साडेचार ग्रॅम मीठ जास्त गेलं की समजा अर्ध्या लिटरची एक बाटली अंगात लटकवली. बोटातली अंगठी घट्ट झाली, पायातल्या चपलेचा पट्टा रुतला, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसली, ही तीच बाटली. एक-दोन दिवसांत ती रिकामी होते.

तिसरा वाटा अगदीच साधा. जे खाल्लं ते अजून पोटात आहे. ताटभर जेवण आणि तांब्याभर पाणी यांचं वजन काटा ताबडतोब धरतो. एक लिटर पाणी प्या आणि काट्यावर उभे राहा, एक किलो वाढलेला दिसेल, आणि पाण्यात कॅलरी शून्य. अन्न पचून बाहेर पडायला दिवस-दीड दिवस लागतो, काहींना जास्त. तो धरा अर्धा किलो.

दोनशे ग्रॅम चरबी, एक किलो पुढच्या डब्याचा, अर्धा मिठाचा, अर्धा पोटातला. अर्थात इतक्या नेटक्या बेरजा कागदावरच जमतात. कुणाच्या अंगात मिठाचं पाणी जास्त थांबतं, कुणाचा कोठा जड. बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस आणखी एखादा किलो पाणी चढतं आणि पाळी सुरू झाली की उतरतं. त्याचा जेवणाशी काही संबंध नसतो. महिन्याला एक आठवडा उगीच स्वतःला दोष देणाऱ्या किती जणी असतील.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही, ती इथे सांगतो, कारण त्या हे वाचणार नाहीत. तीन आठवड्यांत उतरलेले अडीच किलोही सगळे चरबीचे नव्हते. पहिल्या आठवड्यातच दीड किलो उतरलं होतं आणि घरभर कौतुक झालं होतं. त्यातला बराचसा हाच पुढचा डबा आणि त्याचं पाणी. 'सात दिवसांत चार किलो' अशी जाहिरात करणारे पहिल्यांदा भात-चपाती बंद करायला का सांगतात, ते आता कळेल. आठवड्यात आकडा पडतो, माणूस खूश होतो, पैसे भरतो. दुसऱ्या आठवड्यात पाणी संपतं आणि आकडा अडतो, तेव्हा दोष माणसाच्या निर्धाराला.

पाण्याचा हा खेळ पैलवानांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. बेळगाव, कोल्हापूरकडच्या कुठल्याही तालमीत विचारा. वजनाच्या आदल्या दिवशी मीठ बंद, पाणी घोट-घोट, अंगावर दोन स्वेटर घालून पळणं. एका रात्रीत दोन किलो पाडणारी पोरं असतात. त्यातला चरबीचा अंश नावालाही नसतो, आणि वजन झाल्यावर ताक-पाणी प्यायले की संध्याकाळपर्यंत सगळं परत. पण शरीर दरवेळी ऐकतंच असं नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटनं ६ ऑगस्टला एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या, आणि ७ ऑगस्टच्या सकाळी ५० किलोच्या गटात शंभर ग्रॅम जास्त भरली म्हणून अंतिम कुस्ती खेळण्याआधीच बाद झाली. रात्रभर घाम गाळला होता, केससुद्धा कापले होते. शंभर ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी. त्या दिवशी आमच्याकडे चहाच्या गाड्यांवर दुसरा विषय नव्हता.

घामावरून आठवलं. पोटाला प्लॅस्टिकचा पट्टा बांधून बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फेऱ्या मारणारे काही जण मला रोज दिसतात. घाम म्हणजे वितळलेली चरबी असं त्यांना वाटतं. तसं नसतं. मग चरबी जाते तरी कुठे? रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याचा हिशेबच मांडला: दहा किलो चरबी पूर्ण जळाली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे उतरलेली चरबी आपण बहुतांश नाकातून सोडलेली असते. पट्ट्याखालचा घाम हे निव्वळ पाणी, घरी जाऊन दोन पेले प्यायलं की भरून आलं.

आता उसाकडे येतो, कारण मला हा सगळा विषय कळला तो उसामुळे.

उसात साधारण सत्तर टक्के पाणी. माणसाच्या अंगात पुरुषाच्या साठेक टक्के, बाईच्या पन्नास-पंचावन्न. तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडून राहिला, ट्रॉली मिळाली नाही, की उन्हानं सुकतो आणि वजनात मार बसतो. म्हणून आमचे वडील तोड सुरू झाली की टोळीच्या मुकादमाच्या मागे हात धुऊन लागायचे. पण टनेज, म्हणजे उसाचं एकूण वजन, ही एक गोष्ट आणि उतारा ही दुसरी. शंभर किलो उसातून साखर किती निघते तो उतारा. गेली काही वर्षं सरकार एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान भाव, ठरवतं ती सव्वादहा टक्के उतारा धरून. उतारा त्याच्या वर गेला तर भाव वाढतो. पाणी पिऊन फुगलेला ऊस काट्यावर छान दिसतो, आणि गाळला की साखर कमी. काट्याला ते दिसत नाही. त्यासाठी रस काढून प्रयोगशाळेत बघावा लागतो.

माणसाचंही वजन म्हणजे टनेज. हाडं, स्नायू, चरबी, पाणी, पोटातलं सगळं एकत्र करून एक आकडा. स्नायूत तीन-चतुर्थांश पाणी असतं, चरबीच्या थरात फार थोडं. स्नायू जड आणि आटोपशीर, चरबी हलकी आणि पसरट: एक लिटर स्नायूचं वजन १.०६ किलोच्या आसपास, चरबीचं ९०० ग्रॅम. म्हणून एखाद्यानं तीन महिने जोर-बैठका मारल्या, दोन किलो चरबी घालवली आणि दोन किलो स्नायू कमावले, तर काटा म्हणणार काहीच झालं नाही. पँट मात्र सैल. उलट व्यायाम नवा असताना पहिले दहा-पंधरा दिवस वजन थोडं वाढतंसुद्धा, कारण दुखऱ्या स्नायूंची दुरुस्ती करायला तिथे पाणी जमतं. नेमक्या याच वेळी जिम सोडणारे खूप.

'माझं वजन बरोबर आहे' म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो शोधून बघावा. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. शेजारी त्यांचे ब्रिटनमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एकच: २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दुपटीपेक्षा जास्त. टनेज सारखं, उतारा वेगळा. आपल्याकडचे कितीतरी जण असेच: हातपाय काडीसारखे, शर्टाची तिसरी-चौथी बटणं तेवढी ताणलेली, आणि चाळिशीत साखर निघाली की "मी तर बारीक आहे की ओ" असं आश्चर्य. म्हणून भारतीयांसाठी काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या आत हवी. बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून, पोट आत न ओढता. शेवटची अट कुणी पाळत नाही.

मग चरबीची टक्केवारी दाखवणारे ते नवे काटे? वहिनींचा काटा त्यातलाच. तो चरबी मोजत नाही, अंदाज करतो. पायाखालच्या धातूच्या पट्ट्यांतून अगदी बारीक वीज एका पायातून वर आणि दुसऱ्यातून खाली सोडतो. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून अडखळत. किती अडखळली त्यावरून अंगात पाणी किती असेल, त्यावरून स्नायू किती, आणि उरलेली चरबी, असा तर्कावर तर्क, त्यात तुमची उंची-वय घालून. वीज मुख्यतः पायांतूनच फिरते, पोटाचं बरंचसं गुलदस्त्यातच. मी घरी एकदा गंमत केली. सकाळी उठल्या-उठल्या चरबी २७ टक्के. दिवसभर उभा राहून, पायांत पाणी उतरल्यावर रात्री पुन्हा: २४. एका दिवसात तीन टक्के चरबी गेली म्हणून बायकोला सांगायला गेलो, तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली. तरी रोज एकाच वेळी, एकाच परिस्थितीत उभं राहिलात तर महिन्या-दोन महिन्यांत रेघ वर चालली की खाली, एवढं हे काटे सांगू शकतात. छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र त्यावर उभं राहू नये.

वहिनींना शेवटी मी एवढंच सांगितलं. काटा कपाटात ठेवू नका. गोधडीवर किंवा सतरंजीवर ठेवू नका, शहाबादी फरशीची एक सपाट जागा ठरवा. सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनवर. आकडा बघून हसायचं नाही की रडायचं नाही, दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचा. सात दिवसांची सरासरी काढायची आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी लावून बघायची. आजची कालशी नाही. सरासरी आठवड्याला पाव-अर्धा किलो उतरत असेल तर कणगीला हात लागलाय असं समजायचं.

"आणि यात्रेचं काय?"

"यात्रेच्या आठवड्याला गोल करा आणि सोडून द्या."

चार दिवसांनी आकडा ६९.९ वर आला. त्यांनी मला सांगितलं नाही. पुतण्यानं दिनदर्शिकेचा फोटो पाठवला.

सगळंच पाणी असं बिनघोर नसतं, हेही सांगायला हवं. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून काढला आणि तिथे खळगा तसाच राहिला, यात्रा-सण काही नसताना दोन-तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त चढलं, सपाट झोपलं की दम लागतो, तर ते यात्रेचं मीठ नव्हे. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हृदय कमजोर झालेल्यांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात ते याचसाठी, त्यांना बारीक करायला नव्हे.

आमच्या एका मामांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून प्यायलेला प्रत्येक घोट अंगातच साचत जातो. आत शिरताना दारातच काटा आहे. त्यांच्या फाइलवर एक आकडा पेननं गोल करून लिहिलाय, ५४. ते त्यांचं 'ड्राय वेट', म्हणजे जादा पाणी नसतानाचं वजन. गेल्या गुरुवारी काट्यानं ५६.३ दाखवलं. सिस्टरनं मनातल्या मनात वजाबाकी केली, मशीनवर २.३ घातलं आणि मामांकडे बघून विचारलं, "कलिंगड खाल्लासा न्हवं मामा?"

मामा म्हणाले, "दोनच फोडी की."